मला एक चालेल

मंगळवार, ९ जानेवारी

शंकासुर येऊन गेली. दारातूनच — "बाई, नाही म्हणायचं नाही!" म्हणजे नाही म्हणण्यासारखंच काहीतरी असणार. ही माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात सारखा हात वर — बाई, असंच का? बाई, तसं का नाही? — म्हणून मीच तिला शंकासुर म्हणायला लागले. आता विद्यापीठात शिकवते, केस पिकायला लागलेत, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवरच बसते.

काम असं. परकी भाषा शिकणारी मुलं इंग्रजी लिहिताना कुठे आणि का चुकतात, ह्याचा तिचा अभ्यास चाललाय. चार शाळांतल्या पाचवीच्या मुलांकडून निबंध लिहून घेतलेत. विषय — माझं कुटुंब. नावं झाकलेली, नुसते क्रमांक. मी प्रत्येक चुकीखाली लाल रेघ मारायची आणि बाजूला चुकीचा प्रकार लिहायचा. काळ, क्रियापद, शब्दांचा क्रम, आणि ती 'अ' नि 'द'ची पिढीजात पीडा.

हे आतून ओरडले, "घे, घे! नाहीतरी घरात माझ्याच चुका काढत बसतेस." शंकासुर हसली. मी नाही हसले. कारण बोलता बोलता तिने शाळांची नावं सांगितली होती, आणि तिसरं नाव ऐकल्यावर मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली होती.

हो म्हटलं. कधीपर्यंत द्यायचंय हेसुद्धा विचारलं नाही.

बुधवार, १० जानेवारी

त्या शाळेत आमची नात आहे. इथे लिहूनच टाकते, म्हणजे दिवसभर मनात घोळणार नाही.

मुलगा गेला तेव्हा ती रांगत होती. सूनबाईचं दुसरं लग्न आम्हीच मागे लागून करून दिलं. एवढीशी पोर तिची, आयुष्यभर आमची म्हातारपणं काढत का बसेल? जावई म्हणावा तर जावई नाही, पण माणूस सोन्यासारखा मिळाला. औषधांचं दुकान आहे त्याचं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पोर त्यालाच बाबा म्हणायला लागली. मग सूनबाई एकदा आली, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, तिला काही सांगायचं नाही असं ठरवलंय आम्ही. कळती झाली की सांगू. तोवर थोडे दिवस तुम्ही..." मीच म्हटलं, नाही येणार. ह्यांनीही शब्द दिला.

थोडे दिवस! पोर पाचवीत गेली की. सूनबाई वर्षातून एकदा फोन करते. तिला भाऊ झाला, तिला ह्या शाळेत घातलं, तिचे दात पुढे आलेत — एवढंच कळतं. फोटो मात्र मीच नको म्हटलं. फोटो आला असता तर मी दिवसभर तोच बघत बसले असते. आता वाटतं, बसले असते तर बसले असते. बिघडलं काय असतं?

शुक्रवार, १२ जानेवारी

गठ्ठे आले. जेवणाच्या टेबलावर पसरले. ह्यांचं ताट खिडकीपाशी गेलं. "ही शाळा तुझी निवृत्त कधी होणार?" वगैरे.

शंकासुराने नियम समजावले. सोबत दुसऱ्या गावातल्या एक बाई हेच निबंध वेगळ्या तपासणार. आम्ही एकमेकींशी बोलायचं नाही. मुलांना भेटायचं नाही. आणि — हे ती दोनदा म्हणाली — "एखादं मूल ओळखीचं वाटलं तर लगेच सांगा, बाई. तो निबंध बाद करावा लागतो. ओळखीचं मूल निघालं की लाल पेन मऊ होतं."

माझं पेन? मऊ? उभ्या गावाला विचार म्हणावं.

सोमवार, १५ जानेवारी

पहिली शाळा संपली. गंमत म्हणजे सगळी पोरं एकसारखीच चुकतात. कुणालाही स्वतःला झोप लागत नाही, झोप सगळ्यांकडे चालत येते — स्लीप इज कमिंग टु मी! दिवे सगळे 'क्लोज' करतात. औषध सगळे 'ईट' करतात. एकाच्या वडिलांना 'टू मच' आनंद झालाय. आपल्या भाषेचं बोट धरून ती पोरं परक्या घरात शिरतात आणि तिथेही आपल्यासारखीच मांडी घालून बसतात. माझी तर अख्खी नोकरी त्यांना खुर्चीवर बसवण्यात गेली.

एकाने लिहिलंय, माझी मोठी बहीण लग्नात आहे, खूप वर्षं. त्याला म्हणायचंय, तिचं लग्न झालंय. लाल रेघ मारली खरी, पण मुलाचं चुकलं असं वाटेना!

मंगळवार, १६ जानेवारी

दुसरी शाळा. पाठ दुखली. तिसरा गठ्ठा अजून दोरीतच आहे. जाता-येता हात लावून बघते.

शुक्रवार, १९ जानेवारी

दोरी सोडली.

ठरवलं होतं, शोधायचं नाही. नियम तो नियम. आणि शोधणार तरी कसं? तिचं अक्षर मी कधी पाहिलेलं नाही. तिचा आवाजही माहीत नाही मला. शेवटचा ऐकला तेव्हा तिला दोनच शब्द येत होते, आणि त्यातला एक 'दे' होता.

तरी शोधलंच. लहान भाऊ कुणाला आहे? निम्म्या वर्गाला. बापाचं दुकान? सातआठ जणांना. औषधांचं असं कुणीही लिहिलेलं नाही. 'शॉप' म्हटलं की मोकळे. पुन्हा इंग्रजी अशी अप्पलपोटी भाषा — आपल्यात 'मी गेले' म्हटलं की पोरगी आहे हे पहिल्याच वाक्यात कळतं. इथे दहा ओळी वाचल्या तरी पत्ता लागत नाही.

वीस-बावीस निबंध झाले आणि तो हाती आला. शेवटच्या ओळी इथे उतरवते. खरं तर पाठच झाल्यात.

"आय अ‍ॅम नॉट हॅविंग ग्रँडमदर. माय फ्रेंड इज हॅविंग टू. आय वॉन्ट वन ओन्ली."

मला आजी नाही. मैत्रिणीला दोन आहेत. मला एक चालेल.

पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकत होतं, ते बघत राहिले.

शनिवार, २० जानेवारी

तीच आहे. लहान भाऊ आहे — तो खडू खातो म्हणे. बाप दुकान चालवतो. आजी नाही — सूनबाईची आई कधीच गेली, त्याचीही. तीच!

मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे मी दुसऱ्या कुणालाही ऐकवलं असतं. मला ऐकवणारं घरात कुणी नाही. ह्यांना मी काही सांगितलेलंच नाही.

तपासायला बसले. 'अ' गाळलाय — रेघ मारायला हवी. 'हॅविंग' चुकलंय — रेघ. पण हात पुढे जाईना. बाकीच्यांच्या अशाच 'हॅविंग'वर मी ह्याच आठवड्यात ओळीने रेघा ओढल्यात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

शेवटी मारल्या रेघा. पेन्सिलीने आधी, मग लाल. इतक्या हलक्या की शंकासुराला वाटेल बाईंची शाई संपत आलीय.

मंगळवार, २३ जानेवारी

शंकासुराचा फोन. "कुणी ओळखीचं निघालं नाही ना, बाई?"

म्हटलं, "नाही."

सांगितलं असतं तर तो निबंध गेला असता. बाद! मला एक चालेल म्हणणारी पोर बाद. मग असो की एक खोटं माझ्या नावावर.

गुरुवार, २५ जानेवारी

सारखं तेच. भाजी चिरताना तेच, बाजारात तेच. रस्त्यावर दप्तरवाल्या मुली दिसल्या की दात बघते. पुढे आहेत का. एका मुलीने आज मला बघून तोंडच मिटून घेतलं.

काय करीन मी ती भेटली तर? काही नाही. शेजारी बसवीन. तिने बडबड करावी आणि मी ऐकावी. चुका काढणार नाही. शपथ.

मला तिची इतकी आठवण येते. पण आठवावं असं तिच्यातलं माझ्यापाशी आहे काय? एक 'दे', आणि मानेचा वास. एवढ्यावर इतकी वर्षं काढली आणि आता ह्या तीन ओळी मिळाल्यात तर भूक उलट वाढलीय.

सोमवार, २९ जानेवारी

सगळे निबंध तपासून झाले. गठ्ठे शंकासुराचा माणूस घेऊन गेला. टेबल मोकळं. ह्यांचं ताट परत जागेवर आलं. ह्यांनी आमटी दोनदा घेतली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला काय होणार? तुलाच काहीतरी झालंय," म्हणाले. आणि परत आमटी.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

शंकासुराला अडचण आली, आणि अडचण माझ्या पथ्यावर! आता काही मुलांना समोर बसवून विचारायचंय — हे वाक्य असं का लिहिलंस, काय म्हणायचं होतं? तिची मदतनीस मुलगी तापाने पडलीय. "तपासणी संपली, बाई, आता भेटायला हरकत नाही. तिसऱ्या शाळेला तुम्ही याल?"

कुठली मुलं निवडायची ते तिने मलाच विचारलं. मी चारपाच क्रमांक सांगितले. त्यात तो सांगितला. मधेच कुठेतरी, सहज सांगितल्यासारखा.

शनिवार, ३ फेब्रुवारी

शब्द दिलाय आपण. हे ह्यांनी म्हणायला हवं होतं, पण मीच मला म्हणतेय सकाळपासून. घरी जाणार नाही असं म्हटलं होतं, शाळेत जाणार नाही असं कुठे म्हटलं होतं? — वकील व्हायला हवं होतं मी. पण मी सांगणार थोडीच आहे तिला काही. बघणार फक्त. वाक्य असं का लिहिलंस, विचारणार. एवढंच.

ह्यांना सांगितलं, सोमवारी एका शाळेत काम आहे. कुठल्या, ते विचारलं नाही त्यांनी. "निळी साडी नेस," एवढंच म्हणाले. साडीबिडीचं ह्यांना कधीपासून कळायला लागलं?

सोमवार, ५ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी एक अरुंद खोली होती. नकाशे, फुटका ग्लोब, दोन खुर्च्या. मी एकीवर. आधी तीन मुलं येऊन गेली. काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, कागदावर आहे. डोक्यात काही नाही.

मग ती आली. सडपातळ. चष्मा. दात सरळ — एका ओळीत, तांदळासारखे. मी तरी स्वतःला म्हटलं, पडले असतील, नवे आले असतील. कपाळ बघितलं, कान बघितले. आमच्या घरातलं काहीच मिळेना, तरी मी शोधतेच आहे!

निबंध पुढे केला. "हे असं का लिहिलंस बाळ? आजी नाही?"

"आहे की!" ती म्हणाली. "आमच्याबरोबरच असते. खूप बोलते."

"मग नाही असं का लिहिलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. "अहो, आहे म्हटलं की तिच्याबद्दल लिहायला लागतं ना! ती डोकं चोळताना कान पिरगाळते, आणि तिला ऐकू येत नाही पण ती येतं म्हणते, आणि आईवर रुसून शेजारच्यांकडे जाऊन बसते. ह्याला इंग्रजी कुठे येतं मला? नाही म्हटलं की एका ओळीत भागतं."

"आणि 'मला एक चालेल' ते?"

"टीचर म्हणाल्या होत्या दहा ओळी झाल्याच पाहिजेत. माझ्या आठच होत होत्या."

मी हसले. अगदी खरंखुरं हसले, तीही हसली. शाब्बास म्हटलं तिला. ती गेल्यावर पाणी मागवलं. शंकासुर आत डोकावून म्हणाली, "काय सापडलं, बाई?" तिला सांगितलं — हे लिहून ठेव, मुलांना येत नाही ते मुलं चुकीचं लिहीत नाहीत, गाळून टाकतात. जे सगळ्यात जास्त सांगण्यासारखं, ते आधी गाळतात. शंकासुर खूश! "बाई, हे तर अख्खं प्रकरण होईल माझं!"

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने रुमाल पुढे केला, तोही घेतला.

घरी आले तर हे दारातच उभे. आत यायच्या आधीच — "उंच झालीय का ग?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं ह्यांना. शंकासुराने शाळांची नावं घेतली तेव्हा आतल्या खोलीत नको तेवढं ऐकू आलं होतं.

"ती नव्हतीच," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले. आणि चहा टाकायला गेले. साखर घालायची विसरले. दोघांनीही तसाच प्यायला.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

म्हणजे तिचा निबंध त्या गठ्ठ्यात होताच, आणि मी तो तपासून, दोरी बांधून, परत दिला. कुठला, देव जाणे. एवढी वर्षं मुलांच्या चुका वाचल्या आणि माझ्याच रक्ताच्या चुका मला ओळखू आल्या नाहीत. येणारही कशा? सगळ्यांच्या सारख्याच असतात. परक्या पोरीच्या तीन ओळींवर पंधरा दिवस जीव लावून बसले, आणि खरीवर खाडखाड रेघा ओढल्या असतील.

पुन्हा पाहायला मागावा तर कुठल्या तोंडाने?

गुरुवार, ८ फेब्रुवारी

काही नाही. कपाट आवरलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

शंकासुर पेढे— नाही, पुस्तक घेऊन आली. शब्दकोश. आभाराचा म्हणे. शाळांना तिने कळवलंय, कुठल्या क्रमांकाच्या मुलांना जास्त मदत हवी. आता शाळावाले आईबापांना बोलावून सांगतील. "तुमच्या तपासणीने बऱ्याच जणांची झोप उडणार, बाई. दुसऱ्या बाईंपेक्षा तुमच्या चुका दीडपट."

"माझ्या नव्हे, मुलांच्या," मी म्हटलं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सूनबाईचा फोन! वर्षाचा फोन तर होऊन गेला होता. मी आधी तेच विचारलं — पोर आजारी तर नाही?

"नाही हो आई, सगळे बरे आहेत. पण तिच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. इंग्रजीत वर्गात सगळ्यात जास्त चुका तिच्या! नीट शिकवणी लावा म्हणाले. तपासणाऱ्या बाई फार खडूस होत्या म्हणे."

"असतात काही जणी," मी म्हटलं.

"दोन ठिकाणी पाठवून बघितलं. रडून परत येते. काल जेवताना हेच म्हणाले — तिचे बाबा — की इतक्या चांगल्या बाई घरच्या असताना बाहेर कशाला शोधायचं? आई... शिकवाल?"

हो म्हणून टाकलं. तिचं वाक्य संपायच्या आधी. हे समोर बसून हातवारे करत होते, काय, काय? — मी त्यांच्याकडे पाठ केली, नाहीतर फोनवर रडले असते.

"फक्त एक," सूनबाई म्हणाली. "अजून सांगितलेलं नाही तिला. सांगणार आहोत, पण परीक्षा होऊ दे. तोवर ती तुम्हाला टीचरच म्हणेल. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. ताकावर तहान तर ताकावर. भरपूर ताक आहे!

माझ्याच लाल पेनाने ओढून आणलं तिला. ह्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुझ्या खडूसपणाचा ह्या घराला पहिल्यांदाच उपयोग झाला." आणि चष्मा पुसायला लागले. पुसतच बसले.

सोमवारपासून येणार. संध्याकाळी, तिच्या बाबांच्या गाडीवरून.

सोमवार, २६ फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी स्टूल घेतलं आणि भिंतीवरचा मुलाचा फोटो उतरवला. "तिने विचारलं, हे कोण, तर तुला खोटं बोलता येणार नाही," एवढं म्हणाले. फोटो पुसला, माझ्या साड्यांमध्ये ठेवला, कपाट लावून घेतलं. खिळा उपटायला गेले, तो निघेना. त्यावर कॅलेंडर लावलं.

पाच वाजता बेल. दार उघडलं. दात पुढे आहेत. कपाळ त्याचं, चालणं त्याचं, दारात एका पायावर उभं राहणंसुद्धा त्याचंच.

"गुड इव्हिनिंग, टीचर," म्हणाली.